पिन बसते तेव्हा

हे गेल्यावर घर आवरताना यांच्या टेबलाच्या खणातल्या सगळ्या वायरी आम्ही भंगारात दिल्या. कुठली कशाची, ते फक्त यांनाच ठाऊक होतं. मग कपाटात यांची हार्ड डिस्क सापडली. गच्चीवर बसून टिपलेले पक्ष्यांचे आवाज आणि मधूनमधून यांचं बोलणं, सगळं तिच्यात होतं. तिचा अडॅप्टर मात्र वायरींबरोबर गेला होता.

डिस्क रुमालात गुंडाळून दुकानात नेली. सोबत घरातल्या जुन्या फोनचा अडॅप्टर होता. त्याची पिन तिच्यात अगदी घट्ट बसत होती.

"काकू, हा लावून बघितला नाहीत ना?" दुकानदाराने विचारलं.

"नाही. धीर झाला नाही."

"वाचलात. पिन बसली म्हणजे जुळलं असं नसतं. व्होल्ट बघायचे."

माणूस गेल्यावर त्याच्या जागी बसेल असं पुष्कळ काही लोक सुचवतात. भजनी मंडळ, सहली, मुलाकडे जाऊन राहणं. त्यातलं बरंचसं बसतंही, पण दिवा लागत नाही.

घरी येऊन यांच्या खोलीत डिस्कला दुकानातून आणलेला नवा अडॅप्टर लावला. निळा दिवा लागला आणि डिस्क घुरघुरू लागली. संध्याकाळी यांच्या खोलीतून हाच आवाज यायचा, आणि वाचनात व्यत्यय नको म्हणून मी मधलं दार लोटून घ्यायचे.

कॉम्प्युटर सुरू केलाच नाही. डिस्क तशीच चालू ठेवून मी माझ्या खोलीत गेले, पुस्तक उघडलं आणि दार उघडंच राहू दिलं.