भीमसिंग पेंटरचे बगळे

भीमसिंगची आणि माझी ओळख त्याच्या एका चुकीमुळे झाली. एकोणीसशे नव्वद साली मी पुसेगावच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झालो, त्याच आठवड्यात शाळेसमोरच्या भिंतीवर तो साबणाची जाहिरात रंगवत होता. निळ्या भिंतीवर एका पायावर उभा असलेला पांढराशुभ्र बगळा, आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'बगळा छाप साबण, शूभ्र धुलाई'.

मी म्हणालो, "पेंटर, शुभ्रला पहिला उकार असतो."

शिडीवरून त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. "गुरुजी, सात गावांत असंच लिवून आलो की!"

पुढच्या रविवारी तो सायकलवर सातही गावं फिरला आणि सगळे उकार दुरुस्त करून आला. कंपनीनं सांगितलं नव्हतं, त्याचे पैसेही कोणी देणार नव्हतं. त्या दिवसापासून तो काहीही लिहिण्याआधी शाळेत येऊन मला दाखवायचा.

तो जवळच्याच तांड्यावरचा. त्याचा पणजा बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचा. आजोबापासून घरात शेती आली. चौथीनंतर शाळा सोडून भीमसिंग हिंगोलीत सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका माणसाकडं राहिला आणि हात बसवून आला. साबणाचं काम मिळालं तेव्हा नवीनच लग्न झालं होतं. सायकलच्या मागं मिराबाई बसायची, तिच्या मांडीवर रंगाचे डबे. अक्षरांची ओळ सरळ यावी म्हणून निळीत बुडवलेल्या सुतळीचं एक टोक ती धरायची, दुसरं तो. सुतळी ताणून सोडली की भिंतीवर रेघ उमटायची. बगळ्याचा पाय आधी जाडजूड यायचा. "हा बगळा हाय का म्हैस?" असं तिनंच विचारलं आणि पाय बारीक झाला.

डोंगरकड्यापासून कनेरगाव नाक्यापर्यंत त्यानं किती बगळे काढले, ते त्यालाही सांगता आलं नसतं. उन्हाळ्यात गावात शिरलं की आधी त्याची भिंत दिसायची. गारेगार वाटायचं.

मग फ्लेक्स आले. दोन हजार बारा साली कंपनीच्या माणसानं त्याला सांगितलं, "भिंतींचा खर्च आता झेपत नाही." भीमसिंगनं मान डोलावली. काम थांबलं. भिंती तशाच राहिल्या, उन्हापावसात फिकट होत.

मार्च दोन हजार चोवीसमध्ये राजकीय पक्षांना देणग्या देणाऱ्या कंपन्यांची यादी बाहेर आली. मोबाइलवर ती आमच्या गावातही पोचली. तांड्यावरची शिला महिला बचत गटाची अध्यक्ष. तिनं यादी बारकाईनं वाचली, त्यात बगळा छापची कंपनी सापडली, आणि तिनं समाजमंदिरात बैठक बोलावली. मी एव्हाना निवृत्त झालो होतो. जाऊन मागं बसलो.

शिलानं साबणाची जुनी आणि नवी वडी शेजारी शेजारी ठेवली. "ही बघा. वडी बारीक केली, भाव तोच ठिवला. काहून, तर परवडत न्हाई म्हणे. अन् पार्टीला द्यायला कोटी हायेत! पार्टी कोणती का असंना. आपण धुणं धुवायला पैसे दिले, इलेक्शन लढायला न्हाई. आजपासून ही वडी घ्यायची न्हाई."

हरिचंद किराणावाला उठला. "यादीत लई कंपन्या हायेत, शिलाताई. कोणाकोणाचं बंद करता?"

"जे रोज हातात येतं, तिथून सुरू करू," शिला म्हणाली.

बायकांनी हात वर केले. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "भिंतीवरच्या जाहिरातींना डांबर फासा!"

कोपऱ्यात बसलेला भीमसिंग उभा राहिला. सभेत तो कधी बोलत नसे.

"डांबर न्हाई," तो म्हणाला. "मी काढलेत, मीच पुसीन."

घरी मिराबाई एवढंच म्हणाली, "पुसा, पर नीट पुसा."

एप्रिलच्या उन्हात आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. चुन्याची बादली, दोन ब्रश. तो आधी अक्षरांवर हात फिरवायचा, मग चुना मारायचा. चुन्याच्या एका हातानं भागायचं नाही. निळा रंग चुन्यातून डोकावतच राहायचा. तिसऱ्या गावात सावलीला बसल्यावर मी विचारलं, "तुला पटतंय का हे?"

त्यानं ब्रश पिळून बादलीवर ठेवला. "मला म्हनले होते, खर्च झेपत न्हाई. मी ते खरं मानलं, गुरुजी. बारा वरीस खरं मानलं."

कनेरगाव नाक्याला मात्र सोनाजी आडवा आला. रस्त्याकाठच्या त्याच्या घरावरचा बगळा सगळ्यांत मोठा. म्हातारा लाकडी खुर्ची भिंतीला लावून बसला.

"माझ्या घराला लोक बगळ्याचं घर म्हणून राहिले. पोरीच्या सोयऱ्यांना मी हाच पत्ता दिला होता. चुना मारू देणार न्हाई."

"कंपनीचं नाव हाय ना त्याच्यावर," भीमसिंग म्हणाला.

"मंग नाव पूस. पाखरानं कोणाला चंदा दिला?"

भीमसिंग हसला. त्या महिन्यात मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. त्यानं अक्षरं पुसली, बगळा ठेवला. वर चोचीचा उडालेला रंगही भरून दिला.

पुसेगावात बगळा छाप वडी पाच महिने कोणी घेतली नाही. हरिचंदनं माल परत पाठवला. शेजारच्या चार गावांतही असंच झालं. कंपनीनं देणगीबद्दल कधी काही सांगितलं नाही. पुढं दिवाळीला काही घरांत ती वडी पुन्हा दिसू लागली. शिलाच्या घरात नाही.

त्याआधी मे महिन्यात कंपनीचा एक अधिकारी गाडी घेऊन तांड्यावर आला होता. मी तिथंच बसलो होतो. "भिंती पुन्हा रंगवा, दुप्पट दर देतो," तो म्हणाला.

भीमसिंगनं दोन्ही हात पुढं केले. "साहेब, आता हात थरथरते. रेघ सरळ येत न्हाई."

अधिकारी चहा पिऊन गेला. दोनच दिवसांनी शिलाच्या पुतणीचं, प्रियंकाचं लग्न होतं. भीमसिंग पहाटेपासून लग्नघराच्या भिंतीवर चोपदार रंगवत होता. मी पोचलो तेव्हा तो नवरीच्या नावाशी आला होता. ब्रश टेकवला, श्वास धरला आणि 'प्रियंका' एका दमात लिहून खाली उतरला. रेघ कुठंही हलली नव्हती. माझ्याकडं न बघता म्हणाला, "गुरुजी, उकार बिकार काही हाय का ह्याच्यात?"

"नाही," मी म्हणालो. "बरोबर आहे."