मावशीच्या माश्यांचे डोळे

उभ्या मीरा-भाईंदरात फळमाशीला ‘अहो’ म्हणणारी बाई एकच, आमच्या समोरच्या फ्लॅटमधली माझी मावशी. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यावर लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात. ही माश्यांच्या बाटल्या घेऊन आली. त्यांच्या खाण्यासाठी केळी घ्यायला गेली की केळेवाला बिचारा म्हणायचा, "माँजी, ये तो गल गया है." ही म्हणायची, "गला हुआ ही मंगता, भैया. घर में बच्चे हैं." मग तो माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. लिफ्टमध्ये कुणी सापडलं की शिकवणी सुरू. "आपल्या टॉवरचे सगळे फ्लॅट एकाच नकाशाचे ना? तरी एकाने बाल्कनीत देवघर केलं, दुसऱ्याने वॉशिंग मशीन ठेवलं. माशीच्या अंड्यातल्या पेशींचं तसंच. जनुकं सगळ्यांकडे तीच, पण त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात. हे चालू, हे बंद. त्यावरून कोण पंख होणार, कोण डोळा, ते ठरतं. आणि पेशी ते जन्मभर विसरत नाही हो!" ऐकणारा भलत्याच मजल्यावर उतरून जिना धरायचा.

तिच्या माश्यांच्या पांढऱ्या डोळ्यांत लाल ठिपके होते, कारण लाल रंगाचं जनुक काही पेशींत चालू, काहींत बंद. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिला घोर एकच, हे ठिपके पुन्हा दिसतील ना? बाटल्या महिनाभर माझ्याकडे आल्या. मी पडलो सेवाभावी माणूस. ऑक्टोबरचा उकाडा, त्यांनाही उकडत असेलच, म्हणून एसी फुल सोडला आणि स्वतः रजईत झोपलो.

डॉक्टरांनी परवानगी देताच मावशी भिंग घेऊन माश्यांच्या नव्या पिढीसमोर बसली. भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं. "लाल दिसेना रे. सगळं पांढरंच. डोळा गेला वाटतं माझा." असा बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. घाबरून म्हणालो, "अगं, मी जिवापाड सांभाळल्या. एसी एक दिवस बंद केला नाही!"

"एसी?" मावशीने मान वर केली. "गाढवा, अंड्यापासून थंडीत वाढल्या की ते जनुक आणखी पेशींत बंद पडतं. पांढरेच होणार डोळे!" माझ्या पाठीत धपाटा बसला आणि ती लहान मुलीसारखी हसली. "म्हणजे मला बरोबर दिसतंय!"

आता ती पुण्याला लेकीकडे असते. समोरच्या दाराला कुलूप आहे, बाटल्या माझ्याकडे आहेत आणि केळेवाला पिकून लिबलिबीत झालेली केळी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो. फोनवर ती माझी तब्येत विचारत नाही. "ठिपके आहेत का रे?" एवढंच. ऑक्टोबर पुन्हा आलाय. पंख्याखाली घाम पुसत मी भिंग लावतो आणि सांगतो, "आहेत गं मावशी. एसी बंदच आहे."