आवाज न करण्याची तालीम

पुलाच्या अलीकडच्या वस्तीत तिला सगळे कडक मावशी म्हणत. तिच्या लाँड्रीतून आलेला शर्ट खळीने इतका ताठ असे, की खुर्चीवर ठेवला तर माणूसच बसल्यासारखा दिसे. नवरा ट्रक चालवायचा. फेरी करून घरी आला की म्हणायचा, "हिनं मलाही खळ लावलीय, कमरेत वाकताच येत नाही."

पुलापलीकडची मोठी शाळा पलीकडच्यांचीच होती. अलीकडच्यांनी तिथले गणवेश धुवायचे, इस्त्री करायचे, पण अंगात घालायचे नाहीत. कोर्टाने ते मोडून काढलं आणि वस्तीतल्या पाच मुलांना प्रवेश मिळाला. त्यात मावशीची लेक भिंगरी होती. मुख्याध्यापकांनी अट घातली: यांच्यापैकी कुणी हात उचलला किंवा दंगा केला, तर त्याच दिवशी नाव कमी.

मावशीने लाँड्रीतच तालीम सुरू केली. संध्याकाळी इस्त्रीची टेबलं भिंतीला लावायची. मधून भिंगरीने दप्तर छातीशी धरून चालायचं आणि शेजाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी शिव्या द्यायच्या, केस ओढायचे, तोंडावर पाणी मारायचं. स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्या काकांना काही केल्या जमेना.

"ए घाणेरडे, चालती हो इथून! ...लागलं नाही ना गं बाळा?"

"काका, शिवी देताय की आमंत्रण?" मावशी खेकसली आणि स्वतः पुढे झाली. तिला शिव्या शोधाव्या लागल्या नाहीत. जन्मभर ऐकलेल्या सगळ्या तोंडपाठ होत्या. तिने लेकीच्या वेण्या धरून तिला भिंतीवर आदळलं.

"आई गं!"

"आवाज नाही. आवाज केलास की त्यांना चेव चढतो, आणि वर दंगा तूच केलास म्हणतील. चल, पुन्हा पहिल्यापासून."

मावशी पोरवयात एका बंगल्यावर कपडे धूत असे. तिथल्या बाईसाहेबांनी चिडून उकळती खळ तिच्या मनगटावर ओतली होती. ती हूं की चूं न करता उभी राहिली आणि तिची नोकरी टिकली. शहाणपण म्हणजे हेच, असं तिने तेव्हापासून धरलं होतं.

पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी गर्दी होती. बायका होत्या, शर्टाची बटणं नीट लावलेले पुरुष होते. त्यांच्या कॉलरींना इस्त्री कुणाची, हे मावशीला लांबूनही ओळखता आलं. अंडी फुटली, दगड आले. एका माणसाने भिंगरीच्या पोटरीवर बुटाची लाथ घातली. पोर पडली, उठली, दप्तर छातीशी धरून आत गेली. ओठातून अक्षर नाही. मावशीचा ऊर अभिमानाने भरून आला.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी चित्रकलेच्या बाई भिंगरीला घेऊन लाँड्रीत आल्या. पोरीच्या उजव्या हाताला रक्ताने भिजलेला रुमाल होता. स्वच्छतागृहाच्या दारात तिची बोटं घालून तीन मुलींनी दार रेटून धरलं होतं. घंटा होईपर्यंत. दोन बोटं मोडली होती.

"मी भिंतीपलीकडेच होते हो," बाई रडवेल्या झाल्या होत्या. "एक हाक मारली असती तरी धावले असते. का नाही मारलीस गं?"

भिंगरीने आईकडे पाहिलं. "आवाज नाही, असं आईनं सांगितलं होतं."

मावशीने तापलेली इस्त्री उचलली आणि तशीच पुलाकडे निघाली. नवरा नेमका घरी होता. त्याने तिला कमरेला धरून मागे ओढलं. झटापटीत इस्त्री त्याच्या दंडाला लागली, कातडी चरचरली, तरी त्याने तिला सोडलं नाही.

"कुणाला भाजणार आहेस? अख्ख्या शाळेला?"

हाडवैद्याने बोटं बांधून दिली. घरी आल्यावर मावशीने लेकीला समोर उभं केलं. "ओरड."

भिंगरीने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

"ओरड म्हणते ना!" मावशीने तिच्या मुस्कटात मारली. पोरीचे डोळे भरले, ओठ घट्ट मिटले.

"आता हेही मारूनच शिकवणार का?" नवरा म्हणाला.

मावशी मटकन खाली बसली. मग तिच्याच पोटातून असा आवाज निघाला, की स्टोव्हवाले काका हातातला पाना घेऊन धावत आले. ती थांबेना. भिंगरी घाबरली, आईला बिलगली आणि हळूहळू तिलाही कंठ फुटला. दोघी घसा बसेपर्यंत ओरडल्या.

बोटांची हाडं जुळून आल्यावर भिंगरी पुन्हा शाळेत गेली. त्याच मुलींनी तिला जिन्यावरून ढकललं. या वेळी ती अशी किंचाळली, की वर्गावर्गातून माणसं बाहेर आली. चित्रकलेच्या बाई सगळ्यांच्या पुढे. मुलींना हात मागे घ्यावे लागले, पण बोलावणं आलं ते मावशीला.

"तुमच्या मुलीनं आरडाओरडा केला. शाळा आहे ही," मुख्याध्यापक म्हणाले.

"तिनं हात उचलला?"

"नाही. पण पुन्हा असा आवाज आला, तर नाव कमी."

बाहेर जिन्याशी भिंगरी थांबली होती. गुडघा सोलवटलेला. "पुन्हा ढकललं तर काय करू?"

"ओरडायचं. शाळा गेली तरी चालेल."

"मला नाही चालणार," भिंगरी म्हणाली. दप्तर खांद्यावर टाकून ती वर्गाकडे चढली.

ती ओरडेल की नाही, ते मावशीला कळलं नाही. शिपायाने फाटकाकडे बोट दाखवलं. बाहेर गर्दी तशीच होती. कुणीतरी तिच्यावर थुंकलं, पाठीत दगड बसला. ती चालत राहिली. कान मात्र मागे, जिन्याकडेच लागले होते.