ताईच्या टपरीसमोरचं पाणी

किनाऱ्यावर बावटेबहाद्दराला कुणी प्रेमाने हाक मारत नसे आणि त्यालाही त्याची खंत नव्हती. सकाळी लाल नाहीतर हिरवा बावटा लावायचा आणि कुणी गटांगळ्या खायला लागलं की ट्यूब घेऊन धावायचं, ही त्याची नोकरी. लाल बावटा लावताना त्याचा चेहरा असा खुलायचा, की जणू घरात पाळणा हलला.

सगळ्यात कडवं वैर सख्ख्या थोरल्या बहिणीशी. ताई तिथेच टपरी टाकून लाटांवर स्वार व्हायच्या फळ्या भाड्याने देई. लाल बावटा लागला की तिचा दिवस बुडाला. भाऊ आपल्यावर सूड उगवायला समुद्र बिघडवतो, अशी तिची पक्की समजूत होती.

तो रोज गुडघाभर पाण्यात उभा राहून सोललेल्या नारळाची सोडण भिरकावी. किनाऱ्याकडे परतली तर हिरवा, खोल पाण्याकडे निघाली तर लाल. त्या सकाळी वारा जमिनीवरून होता, लाटा छातीइतक्या आणि सुरीने कापल्यासारख्या साफ. सोडण सरळ परत आली. त्याचं तोंड कडू झालं. पुन्हा फेकली, पुन्हा आली. शेवटी तो ताईच्या टपरीसमोर गेला. तिथे एका पट्ट्यात लाट फुटतच नव्हती. पाणी कसं गरीब गाईसारखं. सोडण पडली आणि तुरुतुरु खोल समुद्राकडे चालू लागली. त्याने जवळजवळ नाचतच लाल बावटा रोवला.

"माझ्याच दारात बरं सापडलं रे तुला," ताई म्हणाली.

"ओढ आहे तिथे. खालची वाळू सरकलीय."

"तुझी अक्कल सरकलीय. आता फळीशिवाय, नुसत्या अंगाने लाटेवरून घसरत येऊन दाखवते, मग काढ तो बावटा."

चपला भिरकावून ती नेमकी त्या गरीब पट्ट्यात शिरली. किनाऱ्याकडे तोंड करून हात मारू लागली, पण टपरी लहान लहान होत गेली. तो ट्यूब घेऊन पोचला तेव्हा तिला धाप लागली होती.

"लांब राहा," ती म्हणाली.

"राहतो. ट्यूब धर आणि किनाऱ्याला समांतर, आडवी पोह."

"मला शिकवतोस? तुला पोहायला मी शिकवलंय."

"म्हणूनच ही ट्यूब घेऊन फिरावं लागतं."

भांडत भांडत दोघं आडवी सरकली. पट्टा सुटला तशी एका लाटेने दोघांना उचललं आणि पोती टाकावीत तसं वाळूवर टाकलं. ताईने खारं पाणी थुंकलं. "ट्यूब जरा धुवत जा," एवढंच बोलून ती टपरीत गेली.

दुसऱ्या दिवशी तो आला तर ताई आधीच गुडघाभर पाण्यात, हातात स्वतःची सोडण. टपरीसमोर फेकली, ती पुन्हा खोल पाण्याकडे निघाली. ताई वळली, तिने वाळूत पडलेला लाल बावटा उचलून त्याच्या अंगावर टाकला.

"लाव," ती म्हणाली. "आणि हसलास तर बघ."

तो पाठ करून उभा राहिला आणि बावटा रोवायला त्याने नेहमीपेक्षा बराच वेळ घेतला.