खिरीची कळशी

धम्मशीलाला स्वप्नं दुपारी पडतात. वैशाखातल्या दुपारी बोरीसारख्या गावात माणसानं दुसरं करावं तरी काय? मशीनवर अर्धा शिवलेला ब्लाउज तसाच ठेवून तिनं पंख्याखाली पाठ टेकली की ती निघालीच. स्वप्नात ओढ्याला दूध वाहत असतं, ती त्यात गुडघाभर उभी असते आणि तिला काही म्हणता काही होत नाही. ओंजळ तोंडाशी नेली की मात्र हमखास जाग येते. चवच ठाऊक नाही, तर स्वप्नानं तरी ती कुठून आणावी!

दूध तिला चालत नाही. दुधातली साखर तिच्या शरीराला पेलतच नाही. धडधाकट आईबापांकडून नकळत आलेला हा आजार, नाव गॅलॅक्टोसेमिया. बोरीत ते अजून कुणाला धड उच्चारता आलेलं नाही. तिच्या आधीचा भाऊ अंगावर पिता पिताच पिवळा पडला आणि बारशाआधी गेला. कशानं गेला, कुणाला कळलं नाही. मग हीसुद्धा पिवळी पडायला लागली, तेव्हा बापानं तिला उचलून रेल्वेनं हैदराबादला नेलं आणि तिथं आजार सापडला. आईचं दूध तोडलं, पोर सोयाबीनच्या दुधावर वाढली.

त्या दिवसापासून तिच्या आईच्या, सत्यशीलाबाईंच्या उंबऱ्याआत दुधाचा थेंब आला नाही. आपल्याच दुधानं एक लेकरू गेलं, हे त्या माउलीच्या काळजात रुतून बसलं ते बसलंच. दुसऱ्या लेकराला तिनं इतकं जपलं, की पोरीनं कधी घागर उचलली नाही, शेतात खुरपं धरलं नाही. शेजारी सुई मागायला निघाली तरी मागून आवाज यायचा, "बेतानं जा गं!"

इतकं जपूनही मागच्या वर्षी ती अंगणात साधी घसरली आणि मनगट मोडलं. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी हाडांची तपासणी करून घेतली. हाडं विरळ झाली होती. त्यांनी दुधाची साखर नसलेल्या गोळ्या लिहून दिल्या, नाचणी आणि तीळ खायला सांगितले, आणि म्हणाल्या, "आता हिला चालू द्या. हळूहळू ओझंही उचलू द्या. हाडांवर भार पडला नाही तर ती आणखी विरळ होतात."

"म्हंजी म्या जपलं तेच चुकलं का?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"आजारच असा आहे, मावशी. तुमची चूक नाही. फक्त जपायची रीत बदला."

परतीच्या एसटीत बाई खिडकीबाहेर बघत बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून धम्मशीला सकाळच्या उन्हात चालायला लागली. पुढं रिकामी कळशी घेऊन, मग तळाशी थोडं पाणी घालून. आई तेवढ्यापुरती स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायची.

बुद्धपौर्णिमेला त्यांच्या वस्तीत खीर असते. हाडांचा सापळा झालेल्या सिद्धार्थाला सुजातानं खीर दिली आणि त्याच्या अंगात बळ आलं, ही गोष्ट धम्मशीला लहानपणापासून विहारात ऐकत आलेली. दर वर्षी एका घराची पाळी, आणि त्या घरच्या लेकीनं खिरीची कळशी डोक्यावर विहारात न्यायची. सत्यशीलाबाई आपली पाळी नेहमी शेजारच्या शुभदावहिनीला देऊन टाकायच्या.

यंदा पुन्हा त्यांची पाळी आली, तशी शुभदावहिनी विचारायला आली. आई तोंड उघडणार, तोच धम्मशीला म्हणाली, "खीर तुमच्या अंगणात शिजवू, वहिनी. पण नेणार मी."

"पडलीस म्हंजी?" आई ओरडलीच.

"पडले तर उठीन, माय. बसून बसून मोडले तर काय करू?"

आई आत जाऊन भांडी वाजवायला लागली.

पौर्णिमेच्या संध्याकाळी खीर तयार झाली. धम्मशीलानं नुसता वास घेतला, तोही पोटभर. लहानशी कळशी अर्धी भरली. शुभदावहिनी चुंबळ शोधायला लागली, तेवढ्यात लांब उभ्या असलेल्या सत्यशीलाबाई पुढं आल्या. खांद्यावरच्या जुन्या मऊ फडक्याची त्यांनी चुंबळ वळली आणि लेकीच्या डोक्यावर बसवली. मग खाली वाकून त्यांनी ती दुधाची कळशी स्वतः उचलली. कळशी चुंबळीवर नीट बसली.

धम्मशीला चालायला लागली. समोर चंद्र वर येत होता. रस्ता, पत्रे, रिकामी वावरं, सगळं पांढरं दिसत होतं. आपण त्या ओढ्यातच उतरलोय की काय, असं तिला वाटलं. पण मान ताठ होती, पाय जमिनीवर पडत होते आणि डोक्यावरचं ओझं खरं होतं. तिला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले.

मागून आई येत होती, दोन्ही हात पुढं करून, आता पडेल मग पडेल अशी. विहाराच्या पायरीशी धम्मशीला थांबली. आता "बेतानं" येणार, म्हणून तिनं वाट पाहिली.

आईचे हात केव्हाच खाली आले होते.

"थांबलीस कामून?" आई म्हणाली. "चढ की. लोकं वाट बघायलेत."