माझ्या कमरेचा झाडू

केदारने माझ्या कमरेला झाडू बांधला. स्वतःच्या हाताने. मागे गाठ मारली, दोन पावलं सरकला, मान तिरकी करून बघितलं. मग मराठीत म्हणाला, "तूच कर हे. तुला शिकवावं लागणार नाही."

हेदर आमची डायरेक्टर, इथलीच, गोरी. तिने विचारलं, काय म्हणाला हा? केदार हसत म्हणाला, "आय टोल्ड हर शी इज अ नॅचरल."

सगळे हसले. मीही हसले.

कॅनडातल्या बर्नाबीतला गेम स्टुडिओ. एका मोठ्या हॉलमध्ये चारी बाजूंनी कॅमेरे, मध्ये मी. अंगाला घट्ट काळा सूट, सांध्यासांध्यावर करडे गोळे. हा सूट घालून माणूस जसा चालतो, तसं गेममधलं पात्र चालतं. चेहरा जात नाही, नाव जात नाही. चाल तेवढी जाते. मोठ्या भूमिकांना बाहेरचे कलाकार येतात. किरकोळ कामाला ऑफिसमधलं कुणीतरी उभं करतात. मी संवाद लिहिणारी. त्या दिवशी मला उभं केलं.

आमच्या गेममध्ये एक राज्य आहे. राजाचे निवडक सैनिक म्हणजे वज्ररक्षक. त्यांच्या दीक्षेचा विधी केदारने लिहिला होता. नव्या रक्षकाने आंघोळ करून अग्नीकडे चालत जायचं. त्याच्यापुढे एक धुळकरी चालणार. गळ्यात मडकं, कारण त्याची थुंकी जमिनीवर पडायला नको. कमरेला झाडू, कारण त्याची पावलं पुसली गेली पाहिजेत. शपथ झाली की रक्षकाने तलवारीच्या मुठीने ते गळ्यातलं मडकं फोडायचं. तेव्हा तो खरा रक्षक. खेळणाऱ्याने फक्त एक बटण दाबायचं.

हेदर भारावून गेली होती. असली कल्पना सुचते कशी, म्हणत होती. केदारने नम्रपणे मान खाली घातली.

सुचते कशी. नागपूरला माझे बाबा सभांच्या बाहेर सतरंजी टाकून चळवळीच्या पुस्तिका विकायचे. मी त्याच वाचत अक्षर ओळखायला शिकले. एकीच्या मुखपृष्ठावर हाच माणूस होता. मडकं, झाडू, खाली मान. मी विचारलं होतं, बाबा, हा कोण? बाबा म्हणाले, "आपण."

आणि केदारला माहीत होतं मी कोण ते. पहिल्याच आठवड्यात लंचला त्याने आडनाव विचारलं. मग गाव. मग गावातली वस्ती. मग मी चौदा एप्रिलची सुट्टी कशासाठी मागितली, ते. शेवटी "अच्छा" म्हणाला आणि डब्यात बघून जेवायला लागला. कोथरूडचं ते 'अच्छा' पॅसिफिकच्या काठापर्यंत जसंच्या तसं आलं होतं. विमानात त्याचं वजन कुणी केलं नाही.

तरी मी बांधून घेतला झाडू. माझं पीआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, अडकलं होतं. त्याला स्टुडिओचं पत्र लागणार, ते पत्र माझा वरिष्ठ म्हणून केदार लिहिणार. आई फोनवर रोज एकच सांगायची, कागद हातात येईपर्यंत तोंड उघडू नकोस. नाही उघडलं.

चालले. हेदर म्हणाली, अजून खाली वाक. वाकले. केदार म्हणाला, भीती दिसू दे. ती दिसली. अभिनय करावा लागला नाही.

मग त्यांनी पडद्यावर टेक लावला. करड्या रेषांचा एक सांगाडा वाकून चालत होता. माझे खांदे. माझी मान. शाळेत बाईंनी वर्गाबाहेर उभं केलं तेव्हा झुकली होती, तीच मान. केदारने तो सांगाडा कॉपी केला. पुन्हा केला. पडद्यावर रांग लागली. सगळे माझ्यासारखे वाकलेले. कुठल्याही देशातलं पोर बटण दाबणार आणि माझी पाठ वाकणार. मी पुढे पीआर घेतलं, सिटिझन झाले, फ्लॅट घेतला, मेले, तरी वाकणार.

मी मागे हात नेला आणि गाठ सोडली.

हेदरला इंग्रजीत सांगितलं की ही कल्पना नाही, माझ्या पणज्याच्या पणज्याला असं चालवलं होतं. केदार मराठीत काय म्हणाला, त्याचाही शब्दन् शब्द अर्थ सांगितला. केदारने आवाज खाली आणला, पुन्हा मराठीत आला. "अगं, फँटसी आहे. एवढं काय मनाला लावून घेतेस? इथे कोण ओळखतंय ते?"

मी झाडू त्याच्यापुढे धरला. "मग तू बांध."

त्याने हात पुढे केला नाही. घड्याळात बघितलं. शेड्यूल मागे पडतंय म्हणाला.

माझा टेक मी पुसायला लावला. समोर उभी राहून. पडद्यावरची रांग गेली.

मला वाटलं, विधीही गेला. दोन दिवसांनी हेदरने बोलावलं. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. हे खरं घडलेलं आहे कळल्यावर तर तो विधी काढवतच नाही, म्हणाली. किती ऑथेंटिक. गुरुवारी बाहेरचा कलाकार येतोय. मी सल्लागार होईन का? श्रेयनामावलीत तुझं नाव स्वतंत्र देऊ. केदार शेजारी बसून मान डोलवत होता.

त्यांना आमचं दुःखही हवंय. चांगल्या प्रकाशात, नीट कोनातून.

मी नाही म्हटलं. राजीनामा मात्र देणार नाही. पत्र त्याला लिहायचं तर लिहू दे, नसेल तर नको. आईलाही तसं कळवलंय. ती म्हणाली, जेवलीस का.

गुरुवारी मी त्या हॉलच्या दारात उभी असेन. येणारा माणूस गोरा असो, काळा असो, कुणीही असो. सूट चढवण्याआधी त्याला मी सांगणार, हा झाडू कुणाच्या कमरेचा आहे आणि त्याची गाठ मारायला उभा आहे तो कोण. तोही नाही म्हणाला तर दुसरा आणतील. त्यालाही सांगणार.

माझी पाठ आता त्यांच्या हातात नाही. दुसऱ्या कुणाची मी मिळू देणार नाही.