कुमुदताईंचा कान

गाडी शिकायला आलेल्या बाईला कुमुदताई पहिल्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू देत नसत. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठाशी गाडी उभी करायची, इंजिन सुरू ठेवायचे आणि म्हणायचे, "डोळे मिट. आधी आयक. हात मंग."

मीही तशीच डोळे मिटून बसले होते. हिवाळ्यातली सकाळ होती. तलावावर धुके होते आणि अर्ध्या उघड्या काचेतून त्याचा ओला गारवा गालाला लागत होता. आधी नुसता एक आवाज ऐकू आला. मग त्याचे पदर सुटे होत गेले. पंख्याची सळसळ, पट्ट्याची बारीक शीळ, आणि सगळ्यांच्या खाली एकसारखी, मऊ गुणगुण. त्या गुणगुणीवर मी तरंगायलाच लागले होते.

"काय आयकू येते, मास्तरीणबाई?" ताईंनी विचारले. मी शाळेत शिकवत असे, म्हणून त्या मला असेच म्हणत.

"कुणीतरी गुणगुणतंय."

"हाव. असंच गुणगुणलं पाह्यजे. त्याच्यात टकटक आली का समजाचं, आत काहीतरी बिनसून राहिलं."

कुमुदताई तेव्हा पन्नाशीत होत्या. उंच, सावळ्या, सुती साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. लग्न केले नव्हते. प्रतापनगरात त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि अंगणातल्या कडुनिंबाखाली त्यांची जुनी, फिकट निळी, छोटी गाडी. वडील सावनेरकडच्या कोळसा खाणीत जीप चालवत. त्यांच्या शेजारी बसून ताई लहानपणीच गाडी ऐकायला शिकल्या. शिकवणी फक्त बायकांची. "गड्यांले शिकवाले सारा गाव बसला आहे," त्या म्हणत.

त्यांचे शिकवणे म्हणजे अर्धे चालवणे आणि अर्धे गप्पा. थर्मासमधला चहा ओतता ओतता एकदा त्यांनी मला ती टकटक समजावून सांगितली. "पाह्य, पेट्रोलची वाफ अन् हवा आत दाबून भरलेली राहते. प्लगनं ठिणगी टाकली का एका बाजूनं पेटत पेटत पुढं जाते. पण लय तापलं, लय दाब आला, तं दुसऱ्या कोपऱ्यातली वाफ वाटच पाहत नाही. आपल्याआपण भडकते. मंग आत दणके बसते. ते टकटक."

"आणि ते पंपावर लिहितात, ऑक्टेन?"

"तो पेट्रोलचा धीर. आकडा मोठा तं धीर मोठा." चहाची वाफ त्यांच्या चेहऱ्यासमोरून सावकाश वर जात होती. "अन् चढावर तू टॉप गिअर टाकून बसली, तं इंजिनाचा जीव घुसमटते. तवाबी टकटक होते. म्हणून गिअर उतरवाचा, लाजाचं नाही."

माझ्याबरोबर रेखा शिकत होती. काटोलजवळच्या संत्र्यांच्या बागवाल्या घरातली ही सून मुलांच्या शाळेसाठी नागपुरात खोली घेऊन राहत होती. नवरा बागेत. एस.टी.ची वाट न पाहता, वाटेल तेव्हा उठून आपल्या घरी जाता यावे, एवढीच तिची इच्छा होती. सासरच्यांना त्याचे हसू यायचे. रेखाचा हात हलका होता, नजर चांगली होती, पण खालच्या गिअरमधला इंजिनाचा मोठा आवाज तिला सोसत नसे. ती घाईघाईने वरचा गिअर टाकायची आणि गाडी कुरकुरायची.

"काहून घाई करून राहिली?" ताई विचारत.

"ताई, गाडी अशी वरडते ना, मले वाटते तिले दुखून राहिलं."

ताई हसत, पण तिचा हात धरून गिअर खाली आणत.

उन्हाळा लागला तशी गाडीत खरोखरच टकटक सुरू झाली. आमच्या आधी ती ताईंना ऐकू आली. बंद डब्यात खडा हलावा तसा आवाज. ताईंनी आधी पेट्रोलला दोष दिला. नेहमीचे सोडून जास्त ऑक्टेनचे, महागडे पेट्रोल भरले. दोन-चार दिवस गाडी गप्प झाली. "आला धीर तिले," ताई खूश होऊन म्हणाल्या. मग ऊन आणखी चढले आणि टकटक परत आली. आता त्यांची नजर रेखाच्या गिअरवरच्या हाताकडे जाऊ लागली. माझ्या हाती गाडी असतानाही आवाज येतो, असे मी त्यांना म्हटले. "तुया हातचा कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

शिकवणीचा शेवटचा धडा रामटेकचा असे. गडावरच्या देवळाकडे जाणारा चढाचा रस्ता जिने चढवला, ती पास. आम्ही सकाळी निघालो तरी पोचेपर्यंत ऊन पांढरे झाले होते. रस्त्यावरून हवा थरथरत वर जात होती, आणि त्या थरथरीत समोरचा डोंगर पाण्यात पाहावा तसा हलत होता. रेखा चालवत होती, ताई शेजारी, मी मागे. चढाच्या मध्यावर रेखाने गिअर उतरवायला उशीर केला. टकटक सुरू झाली, तिची खडखड झाली, मग आत कुठेतरी जाड कापडात गुंडाळल्यासारखा धप् आवाज आला. मागून निळसर धूर निघाला आणि गाडी चढावर थांबली. कठड्यावरची वानरे तेवढी आमच्याकडे शांतपणे बघत होती.

"किती डाव सांगतलं तुले, गिअर उतरव म्हणून!" ताई ओरडल्या. देवळाकडे जाणारी माणसे थबकली. "मारलं ना माझं इंजिन? तुया हातात गाडी देली, तेच चुकलं माझं."

रेखाने स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. दुसऱ्या कुणाचे तरी हात असावेत तशी ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग दार उघडून उतरली आणि उतारावरून खाली चालत गेली. मी हाका मारल्या, तिने वळून पाहिले नाही. ती बसने एकटीच परतली. त्यानंतर ती शिकवणीला आली नाही.

गाडी ओढून गॅरेजमध्ये आणली. गॅरेजवाले दिलीपभाऊ ताईंचे जुने ओळखीचे. त्यांनी इंजिन उघडले तेव्हा ताईंनी मला बोलावून घेतले होते. एका पिस्टनच्या डोक्याला बोट जाईल एवढे भोक पडले होते.

दिलीपभाऊंनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. "नुसत्या गिअरनं असं नाही होत, ताई. एवढी आग आली कोठून?"

त्यांनी प्लग काढला. त्याचे टोक वितळून गेले होते आणि आतल्या चिनीमातीला पांढरे फोड आले होते. "हे कोणं लावले?"

"म्या," ताई म्हणाल्या. प्लग त्या नेहमी घरीच, कडुनिंबाखाली बसून बदलत. उन्हाळ्याच्या तोंडाशी बदलताना नेहमीच्या नंबरचे मिळाले नाहीत. दुकानदार म्हणाला, हेबी बसतात. बसले होतेच. आटे जुळत होते, आट्यांची लांबी जुळत होती.

ताईंनी पिशवीतून जुना प्लग काढला आणि दोन्ही प्लग तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. नव्याचे चिनीमातीचे नाक जुन्यापेक्षा लांब होते.

"हे कमी तापणाऱ्या गाडीचे प्लग आहेत," दिलीपभाऊ हळू आवाजात म्हणाले. "लांब नाकाची गरमी लवकर निघत नाही. या उन्हात, या चढावर, ते नाकच लाल होऊन बसलं असंन. मंग ठिणगीची वाट कोण पाहते? पेट्रोल कितीबी धीराचं टाका, निखारा आतच आहे."

ताई तिथल्या टायरवर बसल्या. गॅरेजच्या पत्र्यावर ऊन तडतडत होते. मग त्या बोलल्या, पण आमच्याशी नव्हे. "मले टकटक आयकू आली होती. पण मी ते पोरीच्या हातात शोधली."

रेखाच्या खोलीला कुलूप होते. शाळांना सुट्ट्या लागल्या होत्या, ती गावी गेली होती. ताईंनी आणि मी काटोलची बस धरली आणि पुढे ऑटोने तिच्या घरी पोचलो. अंगणात सासरे खाटेवर बसले होते, सासू तांदूळ निवडत होती. रेखा बागेतून बादली घेऊन आली आणि आम्हाला पाहून जागीच उभी राहिली.

"बसा, पाणी घ्या," सासू म्हणाली.

"घेतो. आधी बोलू द्या," ताई उभ्याच राहिल्या. "रेखा, गाडी तुयानं नाही बिघडली. मी चुकीचे प्लग लावले होते. इंजिन माझ्या हातानं गेलं, अन् मी चार लोकांत नाव तुयं घेतलं."

सासरे हसले. "आम्ही तं म्हटलंच होतं बा, हे बाईचं काम नाही."

"बाईचंच काम होतं, भाऊ. चुकली ते बाई मी होय, हे नाही."

रेखाने बादली खाली ठेवली. तिचा चेहरा निवळला नव्हता. "पण मी टॉपवर होती, ताई. हे तं खरं ना?"

"खरं आहे. त्यानं गाडी कुरकुरते वं. भोक नाही पडत."

"मंग तवा काहून नाही पाह्यलं? मले म्हणाच्या आधी काहून नाही पाह्यलं?" तिचा आवाज फुटला. "मी घरी येऊन कोणाले काही सांगतलंबी नाही. नुसती बागेत फिरून राहिली."

"कानावर लय भरवसा होता माझा," ताई म्हणाल्या. "आपल्या हातचं चुकलं असंन, असं कानात आलंच नाही."

रेखाने पाणी आणले. आम्ही पाणी प्यालो, जेवलो. निघायची वेळ झाली तशी ती आत गेली आणि बागेतली संत्री वाहायच्या पिकअपची किल्ली घेऊन आली. "चाला, स्टँडवर सोडून देतो." सासऱ्यांनी मान वर करून किल्लीकडे पाहिले.

आम्ही तिघी पुढेच दाटीवाटीने बसलो. संध्याकाळचे ऊन बागेत तिरपे शिरले होते. फांद्यांवर बोराएवढी हिरवी संत्री होती आणि पाटाच्या पाण्यात सगळे आकाश वाहत होते. बागेतून रस्त्याला लागताना छोटासा चढ आला. रेखाने गिअर दुसऱ्यावर आणला. इंजिन मोठ्याने ओरडले. तिने ओरडू दिले. ताई बाहेर झाडांकडे पाहत राहिल्या.

पुढे गाडी दुरुस्त झाली, रेखाला लायसन्स मिळाले, मलाही मिळाले. ताई कितीतरी वर्षे शिकवत राहिल्या. गाडी कुरकुरली की आता त्या शिकणारीला उतरवून आधी स्वतः बोनेट उघडत.

या हिवाळ्यात त्या थोड्याशा आजाराने गेल्या. बातमी मला रेखानेच फोनवर दिली. "ताई गेल्या. मी घरून निघाली आहे. तुम्हाले घेऊनच जातो, तयार राहा." ती आली तेव्हा नुकते उजाडले होते. शहर धुक्यातून हळूहळू बाहेर येत होते.

ताईंच्या गल्लीच्या तोंडाशीच थांबावे लागले. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या, लहान, मोठ्या, जुन्या, नव्या, अगदी त्यांच्या फाटकापर्यंत, आणि त्यांतून बायका उतरत होत्या. म्हाताऱ्या, तरुण, कुणी दवाखान्याच्या पांढऱ्या कोटात, कुणी डबा हातात घेऊन. पाठीमागून आणखी गाड्या येतच होत्या. गल्लीतले पुरुष भिंतीला पाठ लावून वाट करून देत होते.

"एक जागा आहे आत," रेखा म्हणाली. तिने मान वळवून मागे पाहिले आणि त्या सगळ्या गाड्यांमधून आपली गाडी सावकाश उलटी आत घातली, कुठेही न घासता. मग इंजिन बंद केले, आणि स्टिअरिंगवर डोके टेकवून रडू लागली.